महोत्सवात जुन्या जर्मन गाड्या आल्या आहेत? अशा पाहा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईत महोत्सवांचा हंगाम. फेब्रुवारीत काळा घोडा, त्याच्या आगेमागे उपनगरांतल्या मैदानांवर खाद्यजत्रा, नाचगाण्यांचे मंच, हस्तकलेचे स्टॉल. अशा गर्दीत एका कोपऱ्यात जुन्या जर्मन गाड्या रांगेत उभ्या असल्या, की बहुतेक लोक बॉनेटजवळ उभं राहून फोटो काढतात, फोक्सवॅगन दिसली की ‘अरे बीटल!’ म्हणतात आणि पुढच्या स्टॉलकडे वळतात. हे थांबावं म्हणून हा लेख लिहितो आहे.

माझं सांगणं असं, की मुंबईत पन्नास-साठ पावसाळे काढून जी गाडी आजही स्वतःच्या चाकांवर मैदानात येते, ती अर्धी जर्मन कारखान्याने बनवलेली असते आणि अर्धी इथल्या मिस्त्रीने, डेंटरने आणि मालकाच्या चिकाटीने. हा दुसरा अर्धा भाग कुठे आणि कसा दिसतो, ते कळलं की तीन तास कसे जातात समजत नाही. त्यासाठी गाड्यांचं आधीचं ज्ञान लागत नाही. थोडी तयारी लागते.

निघण्याआधी

आयोजकांना दोनच गोष्टी विचारा: गाड्या किती वाजता येणार आणि किती वाजता निघणार. जाहिरातीत ‘दिवसभर प्रदर्शन’ लिहिलेलं असलं, तरी जुन्या गाडीचा मालक उन्हात आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी ठेवायला राजी नसतो. सकाळी लवकर रस्ते मोकळे असताना तो येतो आणि शक्य झालं तर ऊन चढण्याआधी निघतो. म्हणजे अकराला आरामात पोहोचणाऱ्याच्या वाट्याला अर्धंच प्रदर्शन येतं.

गाड्या रॅलीने येणार असतील, तर शेवटच्या मैदानापेक्षा सुटण्याच्या जागी जा. फोर्टात हॉर्निमन सर्कलवरून जुन्या गाड्यांच्या रॅल्या सुटलेल्या आहेत. टाउन हॉलच्या पायऱ्या आणि ती गोल कमानींची रांग मागे असताना गाडी पाहण्याची मजा तंबूखाली येत नाही. काळा घोड्याला के. दुभाष मार्गावर मॅक्सम्युलर भवन आहे, म्हणजेच गटे इन्स्टिट्यूट. जर्मनीशी जोडलेले कार्यक्रम शोधायचे, तर त्यांचं वेळापत्रकही चाळत राहा. बीटलप्रेमींचा जागतिक दिवस २२ जूनला असतो, कारण १९३४ मध्ये त्या तारखेला फर्डिनांड पोर्श यांच्याशी ही गाडी घडवण्याचा करार झाला. पण आपल्याकडे तेव्हा पाऊस लागलेला असतो. मुंबईत या गाड्या मनासारख्या पाहायच्या, तर हिवाळाच गाठावा.

स्वतःची गाडी नेऊ नका. फोर्टात जायचं असेल, तर मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन सगळ्यात जवळ पडतं. चर्चगेट किंवा सीएसएमटीवरूनही चालत जाता येतं. रविवार असेल, तर आदल्या रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा. परतताना दुपारी तोच आडवा येतो. टोपी आणि पाणी घ्या. लोंबती साखळी, धातूचं मोठं बक्कल, बाहेर चेन असलेली सॅक घरी ठेवा. गर्दीत मागून धक्का बसतो आणि साठ वर्षांच्या रंगावर चरा उमटतो. मुद्दाम कोणी चरे काढत नाही, असेच निघतात.

पहिला अर्धा तास कान उघडे ठेवा

गाड्या येत असताना फोन खिशात ठेवा आणि नुसतं ऐका. बीटलचं इंजिन मागे असतं आणि हवेने थंड होतं. पाण्याचं आवरण नसल्यामुळे आतली सगळी खडखड थेट बाहेर येते. ती गाडी वळणाआडूनही ओळखू येते. जुनी डिझेल मर्सिडीज जवळ आली, की संथ, जाड ठोक्यांचा आवाज येतो. या आवाजाची आपल्या कानांना सवय आहे, त्याचं कारण पुढे सांगतो. गाडी जागेवर लागल्यावर मालक इंजिन लगेच बंद करतो की थोडा वेळ चालू ठेवतो, आधी मागे जाऊन वाकून काय बघतो, हेही टिपा. तो जिथे पहिली नजर टाकतो, ती त्या गाडीची दुखरी जागा. नंतर प्रश्न तिथूनच सुरू करायचे.

मग एक फेरी नुसती मारा. सगळ्या गाड्या पाहायच्या, कुठेही थांबायचं नाही. फेरी संपल्यावर चार-पाच निवडा आणि त्यांनाच वेळ द्या. सगळ्यांवर सारखी नजर फिरवलीत, तर घरी गेल्यावर एकही नीट आठवणार नाही.

बीटल मागून बघायला सुरुवात करा

मागची काच पाहा. मधोमध दांडी असलेली दोन तुकड्यांची काच असेल, तर गाडी मार्च १९५३ च्या आधीची. एकच लंबगोल काच असेल, तर १९५३ ते १९५७ मधली. त्यानंतर काच मोठी आणि चौकोनाकडे झुकणारी झाली. मात्र काच, बंपर, दिवे बदलता येतात, म्हणून एका खुणेवरून साल ठरवू नका. दोन-तीन खुणा जुळल्या तरच माना.

आता मालकाला विचारून मागचं झाकण उघडलेलं पाहा. चार सिलिंडर, दोन-दोन समोरासमोर आडवे झोपवलेले. रेडिएटर नाही, पाणी नाही. वर जे पंख्याचं काळं घर दिसतं, त्यातून हवा सिलिंडरांवर फेकली जाते. तो पंखा डायनॅमोच्या दांड्यावर बसवलेला असतो आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. या पट्ट्याकडे नीट बघा, बीटलचा जीव इथे आहे. पट्टा तुटला, की चार्जिंग बंद होतं आणि पंखाही थांबतो. म्हणून समोर चार्जिंगचा लाल दिवा लागला, की ‘घरी जाऊन बघू’ असं म्हणून चालत नाही. गाडी तिथेच बाजूला घ्यावी लागते. सायनच्या सिग्नलवर दहा मिनिटं अडकलेल्या बीटलमध्ये पंखा इंजिनच्या संथ गतीनेच फिरत असतो. मुंबईत ही गाडी चालवणारा माणूस त्या दिव्यावर सतत एक डोळा ठेवूनच असतो.

एकदा अशाच एका प्रदर्शनात एका पारशी काकांनी मला त्यांच्या बीटलची हत्यारांची पिशवी उघडून दाखवली. कॅनव्हासची, तेलाने काळी पडलेली. आत नवा पट्टा, तो बदलायला लागणारा पाना, पुलीच्या पातळ चकत्या एका तारेत ओवलेल्या आणि जुन्या बनियनचा धुतलेला तुकडा. पट्टा सैल की घट्ट हे त्या चकत्या आत-बाहेर करून ठरवतात, हे त्यांनी पुली हातात धरून दाखवलं. मग अंगठ्याने पट्टा दाबून म्हणाले, “एवढाच दबायला पाहिजे. जास्त ताणलास तर डायनॅमोचं बेअरिंग जाणार, सैल ठेवलास तर इंजिन.” रंग, क्रोम, सीटची शिलाई हे सगळं मी विसरलो असेन, पण त्या अंगठ्याचा दाब विसरलो नाही. तुम्हीही प्रत्येक मालकाला हत्यारांची पिशवी दाखवायची विनंती करा. नकार क्वचितच मिळतो.

पुढचं झाकण उघडलं, की स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी दिसते. १९६० च्या दशकातल्या अनेक बीटलांत काच धुण्याचं पाणी स्टेपनीतल्या हवेच्या दाबावर उडतं, मोटर लागतच नाही. हे मुलांना जरूर दाखवा. बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिच्याकडे आपण गंजाच्या वेळी परत येऊ.

या गाडीचा इतिहास गोड नाही, तोही माहीत असावा. ती हिटलरच्या राजवटीत, त्या सत्तेच्या प्रचारासाठी जन्मली. ठेव भरून गाडी मिळेल म्हणून सामान्य जर्मनांनी पैसे भरले आणि गाड्या त्यांच्या हाती आल्या नाहीत. कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि तिथे सक्तीने आणलेले मजूर राबले. युद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यात आलेल्या वोल्फ्सबुर्गच्या त्याच कारखान्यात ब्रिटिश सैन्यातले मेजर आयव्हन हर्स्ट यांनी उत्पादन उभं केलं. शेवटची बीटल ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या प्वेब्लात तयार झाली, तोवर एकूण आकडा २,१५,२९,४६४ वर गेला होता. गाडीवर प्रेम करताना हे सगळं सोबत ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

मर्सिडीज: बॉनेट आणि वायपर

आपल्याकडच्या प्रदर्शनांत हमखास भेटणाऱ्या दोन मर्सिडीज म्हणजे डब्ल्यू १२३ आणि डब्ल्यू १२४ (हे कारखान्याचे सांकेतिक क्रमांक). पहिली १९७६ ते १९८६ या काळातली, जगभरात सुमारे २७ लाख बनल्या. तिच्या मालकाला बॉनेट पूर्ण उघडायला सांगा. नेहमीच्या उघडण्यापलीकडे एक खटका असतो, तो सोडला की बॉनेट सरळ उभं राहतं. मिस्त्रीने ओणवं न राहता काम करावं, याचा विचार कारखान्यातच झालेला होता. दुरुस्ती गृहीत धरून गाडी बांधणं म्हणजे काय, ते या एका बिजागरीत दिसतं.

डब्ल्यू १२४ मराठी माणसाला जवळची वाटायला हवी. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ पासून पुण्यात जी पहिली मर्सिडीज जोडली जाऊ लागली, ती हीच. तिला एकच वायपर असतो. मालकाने परवानगी दिली, तर काचेवर पाणी मारून तो चालू करायला सांगा. कोरड्या काचेवर नको, रबर फाटतं. वायपर फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांब होतो आणि मधे आखडतो, म्हणून एकटाच जवळपास सगळी काच पुसतो. तो फिरताना त्याच्या बुडाशी असलेली पेटी पाहा, सगळी करामत तिच्यात आहे. मुंबईचे पावसाळे काढूनही ती अडखळत नसेल, तर तिला ग्रीस कोण घालतं ते विचारा.

छपराचा मधला भाग किंचित खोल असलेली दोन दारांची मर्सिडीज दिसली, तर ती १९६३ ते १९७१ मधली ‘पॅगोडा’. पंखासारखी वर उघडणारी दारं असतील, तर ३०० एसएल. अशा बंद छपराच्या १,४०० गाड्याच बनल्या. समोर आली, तर बाकीचं वेळापत्रक विसरून तिथेच थांबा.

बीएमडब्ल्यू, पोर्श, ऑडी

बीएमडब्ल्यूची समोरची जोडजाळी १९३३ पासूनची. १९६० च्या दशकापासूनच्या बहुतेक मॉडेलांत मागच्या खिडकीची शेवटची कड खाली येता येता पुढे वळते, ते वळण शोधा. पोर्श ९११ पहिल्यांदा १९६३ मध्ये फ्रँकफुर्टला दाखवली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिचंही इंजिन हवेनेच थंड होत होतं आणि बीटलसारखंच मागे होतं. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतील, तर बाजूने पाहा, घराणं एकच आहे हे सांगावं लागत नाही.

ऑडी १०० मात्र मुंबईकरांनी चुकवू नये. १९८५ च्या मार्चमध्ये मेलबर्नला पाकिस्तानला हरवून भारताने बेन्सन अँड हेजेस स्पर्धा जिंकली आणि ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ म्हणून माटुंग्याच्या पोदार कॉलेजचे रवी शास्त्री ऑडी १०० घेऊन आले. मैदानात त्या गाडीवर बसलेली ती टीम ज्यांनी टीव्हीवर पाहिली, त्यांना वेगळं सांगायला नको. ती मूळ गाडी २०२२ मध्ये नव्यासारखी करून शास्त्रींच्या हाती देण्यात आली. त्या पिढीची दुसरी एखादी ऑडी दिसली, तर खिडकीच्या काचा पाहा. काच आणि पत्रा जवळजवळ एका पातळीत आहेत. वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून १९८२ मध्येच केलेलं हे काम.

आपल्या रस्त्यावरचं जर्मन

मघाशी आवाजाची सवय म्हणालो, तिचं कारण हे. मुंबईत जर्मन इंजिन श्रीमंताच्या कारमधून जेवढं आलं, त्याहून किती तरी जास्त मालवाहू गाड्यांतून आलं. १९५४ मध्ये टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी करार केला, तो पंधरा वर्षं चालला. तेव्हाच्या टाटा ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी राहिली, तिच्या तीनचाकीचा आराखडा हॅम्बुर्गचा. पुढे त्यांच्या ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये जे डिझेल इंजिन आलं, ते मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. तेच इंजिन डब्ल्यू १२३ च्या २४० डी मध्ये असतं. लग्नाला वऱ्हाड नेणारी ट्रॅव्हलर आणि तंबूखालची चकचकीत बेंझ यांचं काळीज एकच आहे. प्रदर्शनात जुना मॅटाडोर किंवा तीनचाकी टेम्पो ठेवलेला असेल, तर घरातल्या आजोबांना आधी तिथे न्या. गोष्टी तिथूनच निघतील. आयोजक वाचत असतील, तर त्यांना विनंती: रांगेत एक तरी टेम्पो उभा करा.

गंज वाचायला शिका

मुंबईत खारी हवा, चार महिने पाऊस आणि उघड्यावरचं पार्किंग. गाडी खरी जपली आहे की वरून सजवली आहे, हे इथेच कळतं. गाडीच्या एका टोकाला उकिडवे बसा आणि बाजूच्या पत्र्यावरून तिरकी नजर टाका. समोरच्या इमारतीची कड किंवा तंबूची दोरी पत्र्यात सरळ दिसते की लाटा येतात? लाटा म्हणजे खाली पुट्टी. दाराच्या चारही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, तेही पाहा.

बीटलमध्ये दाराखालच्या पोकळ नळ्या महत्त्वाच्या. इंजिनची गरम हवा त्यांतून आत यायची, म्हणजे हीटरच. मुंबईत हीटरला काम नाही, पण त्याच नळ्यांवर बॉडीची मजबुती उभी असते. त्या सडल्या, की दार लागेनासं होतं. तीच गोष्ट मागच्या सीटखालच्या बॅटरीची. ॲसिड सांडतं, पाणी झिरपतं आणि तळाचा पत्रा खाल्ला जातो. डब्ल्यू १२३ मध्ये जॅक लावायच्या जागा, पुढच्या मडगार्डची दिव्यामागची बाजू, बॅटरीखालचा पत्रा आणि मागच्या काचेची खालची कड पाहा.

हे बघताना गाडीला हात लावू नका, चुंबक लावू नका, टिचकी मारू नका. आणि पुट्टी दिसली म्हणून तोंड वाकडं करू नका. मूळ पत्रा मिळत नाही, तेव्हा डेंटरने हाताने ठोकून बनवलेलं मडगार्ड ही कमअस्सल गोष्ट नाही. ते कोणी, कुठे, कशावर ठोकून केलं, हे विचारा. प्रदर्शनातली सगळ्यात चांगली माहिती या प्रश्नावर मिळते.

मालकाशी बोलताना

“ॲव्हरेज किती देते?” आणि “विकायची आहे का?” हे दोन प्रश्न सोडून काहीही विचारा. सुरुवात “काका, गाडी घरात कधीपासून आहे?” अशी करा. मग मिस्त्री कोण, सुटे भाग कुठून येतात, पावसात गाडी कुठे ठेवता. चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड ही नावं बहुतेक वेळा येतीलच. जिथे काहीच मिळालं नाही, तिथे लेथवर काय बनवून घेतलं, तेही विचारा.

एक ताजा प्रश्न पेट्रोलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. बीटलमध्ये ती नळी गरम इंजिनजवळून जाते, तडकली तर आगीची भीती. नळ्या कोणत्या घातल्या, किती दिवसांनी बदलता, आग विझवायचा सिलिंडर कुठे ठेवता, हे विचारल्यावर मालकाला तुम्ही खरोखर बघायला आला आहात हे कळतं. मग दार उघडून आत बसायचं आमंत्रण तोच देतो. ते मिळेपर्यंत मागू नका.

नंबरप्लेटही वाचा. बीएम, एमआर अशा अक्षरांनी सुरू होणारी जुनी पाटी म्हणजे गाडी बहुधा मुंबईतच वाढली. एमएचनंतर व्हीए असेल, तर ती २०२१ च्या नियमाखाली विंटेज म्हणून नोंदलेली आहे. त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरती बाहेर काढायची.

मुलं आणि फोटो

मुलांना हात मागे बांधून बघायला शिकवा आणि गोष्ट सांगा. १८८६ मध्ये कार्ल बेंझ यांनी तीन चाकांच्या मोटारीचं पेटंट घेतलं, पण लोकांचा विश्वास बसेना. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरहून जास्त, स्वतः गाडी घेऊन गेल्या. इंधन वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली. पंप नसलेल्या जगात ती बाई निघाली, हे ऐकलं की मुलं गाडीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

फोटो गुडघ्यावर बसून, दिव्याच्या उंचीवरून काढा. सकाळच्या तिरप्या उन्हात क्रोम छान येतं, दुपारी नुसतं चमकतं. पूर्ण गाडीचा एकच पुरे. बाकी बिजागरी, पट्टा, स्पीडोमीटर, हत्यारांची पिशवी. नंबरप्लेट समाजमाध्यमांवर टाकायची असेल, तर मालकाला आधी विचारा.

घ्यावीशी वाटलीच तर

त्या दिवशी भाव काढू नका. आवडलेल्या गाडीच्या मालकाकडून मिस्त्रीचा पत्ता घ्या आणि एखाद्या दिवशी गॅरेजवर जा. तिथे अर्धवट उघडलेल्या गाड्या असतील, रंग नसलेल्या, सीट काढलेल्या. त्या पाहा. पत्र्याचं काम किती महिने चाललं आहे आणि भाग कुठे अडले आहेत, हे मिस्त्री सरळ सांगतो. कागदपत्रांत चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी जुळतात की नाही, हे पैशाची गोष्ट निघण्याआधी पाहा. बंद छपराखाली पार्किंग नसेल, तर आधी ते शोधा, गाडी नंतर.